आधी वाळकेश्वर

मुंबई मी पुढे पुष्कळदा पाहिली, पण पहिल्यांदा पाहिली ती आमच्या अंगणात. इस्माईलचाचा मणियाराने बाभळीच्या काडीने ती मातीत ओढली होती. साल एकोणीसशे अठ्ठावीस, वैशाखाचे दिवस. वाशीमकडच्या शिरपूरजवळच्या आमच्या खेड्यात तोवर मुंबई पाहिलेला माणूस तो एकच. बांगड्यांचा माल आणायला तो वर्षातून एकदा तिकडे जायचा.

"हे अशी जमीन," तो म्हणाला. "बैलानं जीभ बाहेर काढल्यावानी. तिकडं पाणी, इकडं पाणी, खाली पाणी. अन् इथं हा पहाड. मलबारची टेकडी."

त्याने मुठीने माती लोटून एक उंचवटा केला. मग पेटीतून फुटक्या बांगड्यांचे तुकडे काढून एकेक ठिकाण मांडलं. पिवळा तुकडा बोरीबंदर, जांभळा राणीचा बाग, टेकडीच्या माथ्यावर हिरवा तो टांगता बगीचा. टेकडी जिथे पाण्यात उतरत होती तिथे त्याने लाल तुकडा रोवला. "हे वाळकेश्वर. बाणगंगेचं कुंड. समुंदर हाकेवर, तरी कुंडातलं पानी मिठ्ठं."

"अन् बोटी?" माझी आत्या पुढे वाकून म्हणाली. "बोटी कोठून सुटतात, चाचा?"

इस्माईलचाचाने बाबांकडे पाहिलं. मग टेकडीच्या दुसऱ्या अंगाला, पाण्याच्या अगदी काठावर, एक काळा तुकडा ठेवला. आत्या त्या तुकड्याकडे बघतच राहिली.

आत्या म्हणजे प्रयागबाई, बाबांची धाकटी बहीण. तिचं लग्न झालं त्याच वर्षी तिचा नवरा रामधन खेचरांच्या पलटणीत भरती झाला आणि मुंबईहून बोटीत बसून इराकात, बसऱ्याच्या लढाईवर गेला. लढाई संपली, तो आला नाही. कोणी म्हणे तापाने गेला, कोणी म्हणे तिकडेच घर केलं. सरकारातून काही कळलं नाही. सासरच्यांनी आत्याला आमच्याकडे आणून सोडलं ती कायमचीच. रोज सकाळी ती दारातल्या तुळशीजवळ बसून कुंकू लावायची, मोठं, रुपयाएवढं. लहान असताना मला वाटायचं, कुंकू जितकं मोठं तितका नवरा लांब असतो.

त्या वर्षी ती मुंबई पाहायची म्हणून इतकी आनंदली होती की घरात कोणाला तिच्याकडे बघवेना. कारण त्या मुंबईत काय होतं ते तिला सोडून सगळ्यांना माहीत होतं. मलाही. लहान पोरीपासून मोठी माणसं काही लपवत नाहीत, तिला कान नसतात असं धरून चालतात.

माझ्या थोरल्या भावाचं, जगदेवचं, जेठात लग्न ठरलं होतं. मुलगी मानोऱ्याकडची. बोलणी झाली तेव्हा मुलीच्या बापाने बाबांना साधंच विचारलं होतं, "मारोतराव, तुमच्या घरी सुवासिनी कोण कोण?" बाबांनी माझ्या आईचं नाव घेतलं आणि तिथेच अडले. पाहुण्यांच्या ते ध्यानात आलं. जाताना ते म्हणाले, "बहिनीचं एक काय थे ठरवून घ्या. अर्धवट कुंकवाचा हात आमच्या पोरीले लागू नये."

मग बाबा जोशीबुवांकडे गेले. बारा वर्षं माणसाचा ठाव लागला नाही की तो मेला असं धरतात. प्रेत नसतं, म्हणून पळसाच्या पानांचे देठ मांडून त्याचं अंग करतात, नारळाचं डोकं लावतात आणि मंत्र म्हणून त्याला अग्नी देतात. मग बायकोचं कुंकू पुसतात, बांगड्या वाढवतात. बारा वर्षं भरली होती. जोशीबुवा म्हणाले, जिथून तो गेला त्या पाण्याकाठी केलेलं बरं. बाबांनाही ते सोयीचं होतं. गावात केलं असतं तर आत्याने वेशीपर्यंत ऐकू जाईल असा आकांत केला असता. मुंबईत कोण कोणाचं ऐकतं? सकाळी गाडीतून उतरायचं, वाळकेश्वराला कुंडावर कार्य उरकायचं, उरलेला दिवस मुंबई पाहायची आणि रात्रीच्या गाडीने परत. एक दिवस.

"पहिले राणीचा बाग करा," इस्माईलचाचा सांगत होता. "हत्ती पाहा, शेर पाहा. दुपारी ट्राममंधून फिरा. सांजच्याले टेकडीवर जा, हवा लागते. वाळकेश्वर उतरताना."

"नाही," बाबा म्हणाले. "आधी वाळकेश्वर."

"अहो, आधा दिवस तिथंच जाईन."

"जाऊ दे. आधी वाळकेश्वर. उपाशीपोटी."

"दर्शनाले उपाशी कायले मरता?" इस्माईलचाचा हसला. कोणीच हसलं नाही तेव्हा त्याने आपली काडी खाली ठेवली आणि बांगड्यांची पेटी जवळ ओढली.

त्याला लग्नाच्या बांगड्या भरायलाच बोलावलं होतं. आईने भरल्या, मीही भरल्या. आत्याने जुन्या बांगड्या कोपराकडे सारून हात पुढे केला. इस्माईलचाचाने तिची बोटं दाबून मऊ केली, हिरवी बांगडी चढवायला घेतली, तशी आई म्हणाली, "तिले नोको आत्ता. मुंबईहून आल्यावर पाहू."

"मुंबईहून आल्यावर हात बदलते काय माया?" आत्या म्हणाली.

आई उठून घरात गेली. इस्माईलचाचा बांगडी धरून तसाच बसला. तो बारा गावचा माणूस, बायकांचे हात बघून घरातलं सगळं ओळखणारा. त्याने बांगडी हळूच पेटीत ठेवली. आत्याचा हात मात्र त्याने लगेच सोडला नाही.

लग्नाच्या पंगतीसाठी त्या दिवसांत आत्या पत्रावळी लावत असे. फुलसिंग, आमचा तांड्यावरचा सालदार, रानातून पळसाच्या पानांचे भारे आणायचा. आत्या पान घ्यायची, नखाने देठ खुडून मागे टाकायची, आणि बांबूच्या बारीक चोयांनी पान पानाला टाचायची. तिचा हात इतका चालायचा की मागे देठांचा ढीग पडायचा. एरवी तो ढीग फुलसिंग संध्याकाळी उकिरड्यावर लोटायचा. त्या दिवशी तो उकिडवा बसून एकेक देठ वेचत होता.

"काहून रे फुलसिंग? देठायले मोती लागले काय?"

"मालकानं सांगतलं, बाई. अखंड असन तेवढाच घे, मोडका नोको."

"कायले पायजे मालकाले?"

"मले काय ठावं? जोशीबुवाचं काई हाय."

आत्याचं बोट पानावर होतं. ते तिथेच थांबलं. मी तिच्या समोरच पानं पुसत बसले होते. मला वाटलं ती आता ओरडेल. तिने पुढचं पान उचललं, देठ खुडला आणि या वेळी मागे न टाकता तळहातावर ठेवून त्याच्याकडे पाहिलं. कोवळा, हिरवा, करंगळीहून लांब. मग तोही तिने फुलसिंगच्या ढिगात टाकला.

"हा पन घे," ती म्हणाली. "अखंड हाय."

फुलसिंग गेल्यावर मी तिच्याजवळ सरकले. "आत्या, तुले समजलं?"

"चूप," ती म्हणाली. "हात चालव."

त्यानंतर ती मुंबईबद्दल आणखीच बोलू लागली. हत्तीला चारायला काय न्यायचं, ट्राममध्ये बायकांनी कुठे बसायचं, समुद्राचं पाणी खरंच खारट असतं का. आई एकदा माजघरात भिंतीला टेकून रडली, मग डोळे पुसून दशम्यांचं पीठ मळू लागली. बाबांना दिवसेंदिवस जेवण जाईना. देठ वाळत होते. देठ आणि डोक्याचा नारळ पांढऱ्या कापडात बांधलेलं ते गाठोडं बाबांच्या खाटेखाली होतं, माणसाच्या मांडीएवढं. त्या खोलीत झाडायला मी जात नसे. जगदेव म्हणायचा, "बाबा, आत्याले सांगून तरी टाका." बाबा म्हणायचे, "तिथं गेल्यावर."

निघायचा दिवस आला. आईबाबा, जगदेव, आत्या आणि वाट दाखवायला इस्माईलचाचा असे सगळे जाणार होते. मला काकीकडे ठेवणार होते. बैलांच्या दमणीने वाशीम, तिथून मोटारीने अकोला, मग रेल्वे. उजाडायच्या आधी आत्याने मागच्या दारची चूल पेटवून आंघोळीचा हंडा चढवला. ते तिचं रोजचंच काम. बाबा न्हाले, आई डोक्यावरून न्हाली, जगदेव न्हाला. पाणी त्या दिवशी फार ऊन होतं, विसण घालून घालून पुरेना. आत्या चुलीपुढून हलली नाही.

दमणी दारात आली. इस्माईलचाचा पेटी घेऊन हजर झाला. आत्याने वाटेचा नारळ फोडून सगळ्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. बाबांनी तोंडात टाकला आणि गाठोडं आणायला आत गेले. बराच वेळ ते बाहेर आले नाहीत. आले तेव्हा हातात नुसतं पांढरं कापड होतं.

"प्रयाग," ते म्हणाले, "याच्यातलं कोठी हाय?"

"काय होतं याच्यात, दादा?"

बाबांनी ते कापड मुठीत गोळा केलं.

"देठं होते," आत्या म्हणाली. "मायाच हातचे. चुलीत घातले. चांगले वाळले होते, भडभड जळले. त्याच्यावरच तुमचं पानी तापलं."

आईच्या ओल्या केसांतून पाणी गळत होतं. तिने केस दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरले, जणू त्यांत काही चालत होतं.

"अन् नारळ?" बाबांनी विचारलं.

"थे तुमी खाऊन राह्यले."

जगदेव कुंपणाशी जाऊन ओकला. दमणीचे बैल मान हलवून घुंगरं वाजवत होते. शेजारची दारं उघडू लागली होती. आत्या पायरीवर उभी होती, अंगावर राख उडालेली, कपाळावर ते रुपयाएवढं कुंकू.

"आता तू सांग, दादा. थो मानूस होता का काड्या होत्या? मानूस असन, तर मढ्याच्या आगीवरल्या पान्यानं न्हाले तुमी सारे. मंग या घरात सुतक हाय. लग्न राहू द्या, अन् मी हे कुंकू इथंच पुसतो, साऱ्या गावासमोर. वाळकेश्वराले कायले जाता? अन् काड्या असतीन, तर मले बांगड्या भरू द्या."

बाबांनी आईकडे पाहिलं, जगदेवकडे पाहिलं. जमलेल्या शेजाऱ्यांकडे पाहिलं.

"काड्या," ते म्हणाले.

"मोठ्यानं सांग."

"काड्या होत्या. पळसाच्या काड्या."

आत्या पायरीवर बसली आणि तिने हात पुढे केला. इस्माईलचाचाने पेटी उघडली. हिरव्या बांगड्या भरल्या, दोन्ही हात भरून, आणि सुवासिनीला रिवाजाने एक वरची देतात तीही चढवली. एकही बांगडी फुटली नाही.

बाबा दमणीत बसले नाहीत. "मी येत नाही," एवढंच म्हणाले. आईही राहिली. आत्या मात्र निघाली, जगदेव आणि इस्माईलचाचाबरोबर. आईने तिच्या तळहातावर दही ठेवलं.

"जातो, वहिनी," आत्या म्हणाली.

"येतो म्हन वं. येतो म्हन."

पण दमणी हलली होती.

ते दोन-तीन दिवस घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. आई सारखी वाटेकडे बघायची. अंगणातली मुंबई तशीच होती; तिच्यावरून कोंबड्या फिरल्या, टेकडी बसली, काळा तुकडा मात्र जागेवर होता. तो उचलायचा धीर मला झाला नाही.

ती आली. संध्याकाळी दमणीतून उतरली, बांगड्या वाजवत, आणि मला जवळ घेऊन सगळं ओळीने सांगितलं. हत्ती पाहिला. ट्राममध्ये बसली. टांगत्या बगीच्यात झाडांना कातरून जनावरं केली आहेत. वाळकेश्वराचं नाव तिने काढलं नाही.

"अन् बोटी?" मी विचारलं.

"दिसल्या. पानी कोठी सरतच नाही, गोमे. मले वाटे, नदीवानी असन. त्या काठी उभा असन तर दिसन." मग खालच्या आवाजात म्हणाली, "थो मेला. तिथं उभी राह्यलो अन् समजलं मले."

"मंग कुंकू?"

"कुंकू दादानं ठेवलं. साऱ्यांसमोर काड्या म्हनला न थो."

जगदेवचं लग्न झालं. मानोऱ्याच्या पाहुण्यांनी आत्याला हळदीकुंकू लावलं, पण लावणाऱ्या बाईने तिच्या डोळ्यांत पाहिलं नाही. घरातलं कोणीच पाहत नसे. ती पहिल्यासारखीच वागायची, हसायची, आणि उजाडायच्या आधी उठून साऱ्या घरासाठी आंघोळीचा हंडा चढवायची.

बाबा त्यानंतर ऊन पाण्याने कधी न्हाले नाहीत. पौषात गवतावर दंव पांढरं पडायचं, तरी ते अंधारात विहिरीवर जायचे आणि अंगावर गार बादल्या ओतून घ्यायचे. त्यांना खोकला लागला, मग छाती भरली. वैद्य म्हणाले, ऊन पाणी घ्या. आई पाया पडली. तिसऱ्या हिवाळ्यात एका पहाटे ते विहिरीच्या दगडावरच बसल्या बसल्या गेलेले सापडले, हातात दोर, बादली अर्धी वर आलेली.

त्यांना घरात आणलं तेव्हा मागच्या दारी हंडा उकळत होता.

"चाल, गोमे," आत्या पदर खोचत म्हणाली. "दादाचं पानी तयार हाय."