हाकेच्या अंतरावर

मी एका दुकानाची वेबसाइट. घरी आजारी माणूस असलेल्यांना ऑक्सिजनचे सिलिंडर पोचवणारं दुकान आहे आमचं. माझ्यासारखी एखादी उघडायची वाट बघत तुम्हीही कधी फोनकडे पाहून चरफडला असाल. आज जरा माझं ऐका.

मला घडवलं ताईने. दुकान तिचं आणि तिच्या धाकट्या भावाचं, बापूचं. ताईने मला साधंच ठेवलं होतं. वर फोन नंबर, खाली पत्ता. बोट टेकताच मी हजर! गावात कुणी इंटरनेटवर ऑक्सिजन शोधला की पहिलं नाव आमचंच यायचं.

मग बापूला मला नटवायची हौस आली. कॅमेऱ्यातले अगडबंब फोटो त्याने जसेच्या तसे माझ्यावर चढवले. उद्घाटनाची फिल्म लावली, ती आपोआप सुरू व्हायची. नंबर गेला पार तळाशी.

"अरे, जड झालीय ती. बाहेर गेलं की उघडतच नाही," ताई म्हणाली.

"इथे तर झकास चालतेय!" बापू हसला. दुकानातलं इंटरनेट वाऱ्यासारखं पळायचं, त्याला कळणार कसं?

लोक येत, कोरं पान बघत आणि निघून जात. ते थांबत नाहीत म्हटल्यावर शोधातही मी मागे पडत गेले.

एका दुपारी एक निवृत्त शिक्षक दुकानात शिरले. बापू काउंटरवर मला उघडून बसला होता. शिक्षक रांगेतल्या सिलिंडरांकडे बघतच राहिले.

"हे दुकान इथेच होतं?"

"बरीच वर्षं झाली, काका. काय हवंय?"

"आता काही नको. मागच्या गल्लीत मुलीकडे राहायला आलोय, हा भाग मला नवा. गेल्या आठवड्यात माझ्या बायकोला धाप लागली. सिलिंडर संपत आलेला, नेहमीचा सिलिंडरवाला फोन उचलेना. तुमचं नाव सापडलं, पण नुसतं चाक फिरत राहिलं. शेवटी लांबच्या दुकानाला फोन केला. त्यांची गाडी आली, पण तोवर..." त्यांनी चष्मा काढला. "उरलेली औषधं परत द्यायला निघालो, तर तुमची पाटी दिसली. हाकेच्या अंतरावर होतात हो तुम्ही."

ते गेल्यावर बापूने ताईला हाक मारून सगळं सांगितलं.

ताई लगेच माझ्यापुढे बसली. तिने फिल्म काढली, मोजकेच फोटो ठेवून तेही हलके केले. नंबर वर आणला, आधी तो दिसावा आणि बाकीचं सावकाश यावं असं केलं. "हा काढू?" असं ती प्रत्येक फोटोला विचारायची. बापू मान खाली घालून म्हणायचा, "काढ."

हळूहळू मी शोधात पुन्हा वर आले. फोन खणखणू लागले. मग बापू शिक्षकांच्या घरी जाऊन आला.

"काय म्हणाले?" ताईने विचारलं.

"मी सांगितलं, आता वेबसाइट लगेच उघडते, काका. ते म्हणाले, 'बरं झालं, बाळा.' आणि दार लावून घेतलं."



आम्हाला घडवणाऱ्यांनो, एवढंच मागते. पलीकडे कुणाचा तरी श्वास अडकलेला असतो. आम्ही नटलो नाही तरी चालेल, आम्हाला वेळेवर उघडू द्या.