पुलावर थांबलेला खेळ

'काळघाट' या कॉम्प्युटरवरच्या खेळाचा तिसरा भाग इतका चांगला निघाला, की मला रागच आला. हे सगळं त्यांना आधी सुचत नव्हतं का?

पहिल्या भागात खेळ जतन करायचा तर दीपमाळेपर्यंत चालत जावं लागायचं. आमच्या मोहगावात तेवढ्यात लाइट जायची, आणि मी नि माझा धाकटा भाऊ प्रफुल यांनी संध्याकाळभर मारलेले राक्षस पुन्हा जिवंत व्हायचे. दुसऱ्या भागात सोबती मिळाला, पण तो नुसता खांबासारखा उभा. झोळीत बाराच वस्तू मावायच्या, तेरावी घ्यायची तर औषध फेका. आता तिसऱ्यात खेळ आपोआप जतन होतो, झोळी भरता भरत नाही, सोबती बोलतो, रुसतो, आपण काय केलं ते लक्षात ठेवतो. दोघं दोन गावांत बसून एकत्र खेळू शकतात. आणि दुसऱ्या भागाची जुनी फाइल दिली, तर गोष्ट तिथूनच पुढे सुरू होते.

मला ती फाइल हवी होती.

दुसरा भाग आम्ही एकाच कीबोर्डवर खेळलो. तलवार माझी, धनुष्य त्याचं. शेवटच्या घाटाच्या पुलावर पोचलो आणि प्रफुल शिकायला इंदूरला गेला. "दिवाळीत येतो, मंग संपवू," म्हणाला. दिवाळीत आला तो मित्रांचा घोळका घेऊन. मी कॉम्प्युटर लावून वाट बघत बसलेली. सगळ्यांसमोर म्हणतो कसा, "ताई, तू अजून हे लेकरायचे खेळ खेळून राहिली?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मी तं कधीचाच संपवला. तुले पुलावरच सोडून देल्लं."

साफ खोटं होतं. मी एक पाऊल पुढे टाकलं नव्हतं. पण त्याचा चेहरा उतरला तो उतरलाच. त्यानंतर आठ वर्षं आमच्यात फक्त 'बरं आहे' आणि 'हो'. माझ्या लग्नात अक्षता टाकून मिळेल त्या गाडीनं परत गेला. खरं सांगायला कितीदा फोन हातात घेतला, पण मोठी बहीण ना मी! नाक आडवं यायचं.

आणि गेल्या आठवड्यात त्याचा मेसेज आला. 'तिसरा घेतला. जुनी फाइल आहे का?' ती फाइल उघडली असती, तर आम्ही दोघं पुलावर तसेच उभे आहोत हे त्याला आपोआप दिसलं असतं. मला तोंड उघडायची गरजच नव्हती.

पोळा करून दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीला घेऊन माहेरी निघाले. माझं सासर पांढुर्ण्याचं, आणि त्या दिवशी तिथे गोटमार, दगडफेकीची जत्रा; आमच्या दारासमोरून धड चालताही येत नाही. आईला आधीच फोनवर बजावलं होतं, जुन्या कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावू नको म्हणून. आईनं लावला नाही. बाबांनी लावला.

पोचले तेव्हा बाबा ओट्यावर तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल सजवत होते, माझ्या हिमानीसाठी. बैलाच्या दोन्ही अंगांना एकेक चकचकीत तबकडी.

"बाबा, हे काय होय?"

"तुह्या कॉम्प्युटरच्या पोटातून निघाल्या. आरसा झक मारते, पाय! स्क्रू निघता निघेनात, मंग छिन्नीनं खोललं. मधात भोक आयतंच होतं, दोरा ओवला."

मी किंचाळलेच. माझी फाइल त्याच तबकड्यांवर होती. आई आतून धावत आली. "सणाच्या दिवशी कायले वरडून राहिली? बंद डब्बाच तं होता." फाइल परत काढता येईल का, म्हणून सौंसरच्या एका कॉम्प्युटरवाल्याला फोन केला, तर तो पोट धरून हसला. दुपारी पोरांच्या लाकडी बैलांच्या मिरवणुकीत आमच्या बैलाला पहिलं बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा. हिमानी नाचत होती, बाबा मिशीतल्या मिशीत खूश होते, आणि मला धड रडताही येईना.

संध्याकाळी लॅपटॉप उघडला. प्रफुल त्याच्या गावाहून खेळात आधीच आलेला. जुनी फाइल नसेल तर खेळ दोघांना वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारतो, 'पुलावर साथ कोणी सोडली?' खाली आमची दोन नावं. उत्तरं जुळली तरच एका तळावरून सुरुवात, नाहीतर पुन्हा तोच प्रश्न. एवढा सुधारलेला खेळ, पण 'कोणीच नाही' हे उत्तर ठेवायचं कोणाला सुचलं नाही.

माझ्याकडे दाखवायला काही उरलं नव्हतं. मी म्हणाले होते तेच खरं धरू, म्हणून माझं नाव दाबलं.

'उत्तरं जुळत नाहीत. दामिनीचं उत्तर दामिनी. प्रफुलचं उत्तर प्रफुल.'

मी पुन्हा माझं दाबलं. त्यानं पुन्हा त्याचं. तिसऱ्यांदा तेच झालं आणि फोन वाजला.

"ताई, तुह्यं नाव काहून दाबून राहिली? गेलो तं मी होतो."

"मी पुलाच्या पुढं गेलीच नाई रे. खोटं बोलली होती. फाइल असती तं दाखवलं असतं, पण बाबांनं ते बैलाले लावली."

तो म्हणाला, "फाइल कायले पायजे होती? नुसतं सांगायचं ना."

आठ वर्षं! आता हा राग कोणावर काढू? बाबांवर तर सकाळीच काढून झाला होता. मी डोळे पुसले आणि एकदाचं त्याचं नाव दाबलं.

त्यानं तेवढ्यात माझं दाबलं होतं.