जिन्याखालच्या मावशीची इस्त्री

मित्रांनो, मी एक जुनी इस्त्री आहे. विजेची नव्हे हं! कोळशाची, पितळेची, चांगली वजनदार. माझ्या झाकणाला पुढे एक कडी आहे आणि त्या कडीवर एक छोटा पितळी कोंबडा ऐटीत उभा आहे. सध्या मी एका बैठकीच्या खोलीत, पुस्तकांच्या फळीवर, जाडजाड कादंबऱ्यांना टेका देऊन बसलेली असते. पाहुणे येतात, कोंबड्याच्या शेपटीवरून बोट फिरवतात आणि म्हणतात, "अय्या, किती गोड!"

गोड म्हणे! अहो, माझ्या पोटात निखारे असायचे तेव्हा मला बोट लावायची कोणाची छाती नव्हती. स्वभावाने मी तापट. आता थंड पडले आहे, पण माझा राग काही पुरता विझलेला नाही. पंचाईत अशी, की जिच्यावर माझा राग आहे तिच्यावरच माझा जीवही आहे.

माझा जन्म एका ओतकाम करणाऱ्या कारागिराच्या भट्टीत झाला. त्याने वितळलेलं पितळ साच्यात ओतलं, कानशीने माझ्या कडा घासल्या, लाकडी मूठ बसवली आणि सगळ्यात शेवटी हौसेने तो कोंबडा केला. काही दिवसांनी एक तरुण बाई आली. तिने मला उचलून पाहिलं, मनगट दुखतं का ते पाहिलं आणि म्हणाली, "जड आहे. पण मीही काही कमी नाही." झालं, आमची जोडी जमली.

एका तीन मजली इमारतीच्या जिन्याखाली तिचं दुकान होतं. दुकान कसलं, एक लाकडी मेज, त्यावर घड्या घालून पसरलेली घोंगडी, पाण्याचं भांडं आणि कपड्यांची गाठोडी. वरून कोणी धाडधाड उतरलं की आमच्या डोक्यावर धूळ पडायची. ती आधी वर बघून ओरडायची, "अरे, जिना आहे तो, ढोल नाही!" आणि मग इस्त्री केलेल्या शर्टांवर घाईघाईने चादर टाकायची. गल्लीत लहानथोर सगळे तिला मावशी म्हणत. म्हणून मीही मावशीच म्हणते. तिला आई म्हणणारं मात्र साऱ्या जगात एकच माणूस होतं. तिची मुलगी.

मुलगी लहानपणी फार ठेंगणी होती, म्हणून मावशीने तिचं नाव ठेवलं ठेंगू. पुढे ती उंच झाली, पण नाव काही उंच झालं नाही. तिचे बाबा ती रांगत असतानाच वारले. मेजाखाली एक गोणपाट अंथरून ती अभ्यास करायची आणि माझी ऊब तिच्या डोक्यावर असायची. संध्याकाळी मावशी माझ्या पोटातली राख झटकायची आणि मला बरोबर घेऊन घरी जायची. मागच्या गल्लीत त्यांची एक खोली होती. त्यामुळे दुकानातलं आणि घरातलं, दोन्हीकडचं सगळं मी पाहिलेलं आहे.

ठेंगू हुशार निघाली. मोठ्या कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकायला लागली. एके दिवशी ती एक जुनं पुस्तक घेऊन आली आणि चेहरा पाडून उभी राहिली. अभ्यासाला लावलेली कादंबरी होती. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची, इंग्लंडच्या राणीच्या काळातली. पण कधीतरी पाण्यात भिजल्याने पानं अशी वाकडीतिकडी फुगली होती, की पुस्तक मिटेचना.

"आई, हे बघ ना ग. याचं काही होईल का?"

मावशीने माझ्या पोटातले निखारे कमी केले. एका रद्दीच्या कागदावर मला फिरवून ताप पाहिला. मग पुस्तकाच्या पानावर मलमलचा पातळ तुकडा ठेवून ती मला हळूच फिरवू लागली. पान सपाट झालं की दुसरं. असं कितीतरी दिवस चाललं. मित्रांनो, मी लग्नाचे कोट केले, साहेबांचे शर्ट केले, पण एवढं नाजूक काम मला कोणी सांगितलं नव्हतं. माझी तर सारखी धाकधूक, एखादं अक्षर करपलं तर?

पान सरळ होईपर्यंत ठेंगू त्या पानावरची गोष्ट सांगायची. एका नावाड्याचा नातू असतो. आजोबांनी वल्ही मारून मारून त्याला वाढवलेलं असतं. पुढे त्याला एक श्रीमंत आश्रयदाता मिळतो आणि तो शहरात जाऊन मोठा साहेब होतो. मग एकदा आजोबा त्याला भेटायला येतात. त्याचे बडे दोस्त समोर बसलेले असतात. आजोबा हात पुढे करतात, आणि नातू आधी आपले पांढरे हातमोजे चढवतो आणि मग त्यांचा हात हातात घेतो.

मावशीचा हात थांबला. "आणि बसायला खुर्ची?"

"खुर्ची कसली, आई! तो आता साहेब झालाय."

"मग? साहेबांच्या घरी खुर्च्या नसतात की काय?"

ठेंगू खळखळून हसली. मावशीही हसली. पण मग ती म्हणाली, "पोरगा वाईट नाही ग तो. घाबरला असेल." आणि तिने पुढचं पान घेतलं.

ठेंगूला मात्र त्या पोराचा भयंकर राग आला. कॉलेजात त्या कादंबरीवर विद्यार्थ्यांचा एक कार्यक्रम होता. ठेंगूने बोलायला तोच प्रसंग निवडला. खोलीत येरझाऱ्या घालत ती मोठमोठ्याने तयारी करायची, "ज्या हातांनी त्याला भरवलं, त्याच हातांची त्याला लाज वाटली!" मावशी अभिमानाने ऐकत बसायची.

आता जे सांगते ते सांगताना मला आजही कसंसंच होतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी मावशी माझ्यात नुकते निखारे भरून एका शर्टाची कॉलर करत होती. गल्लीच्या तोंडाशी मुलींचा हसण्याचा आवाज आला. त्यांत ठेंगू होती. तिची एक मैत्रीण आमच्याच गल्लीत नव्याने राहायला आली होती आणि कार्यक्रमात साहेबाचं सोंग घेण्यासाठी तिने वडिलांचा काळा कोट आणला होता. ठेंगू कुठे राहते, तिची आई काय करते, यातलं त्या मैत्रिणींना काहीच ठाऊक नव्हतं. विचारलं की "इथेच, जवळच" एवढंच ती सांगायची.

मैत्रीण म्हणाली, "या मावशी फार छान इस्त्री करतात. इथेच देऊ या." आणि तिने तो कोट नेमका ठेंगूच्या हातात दिला, कारण ठेंगू पुढे उभी होती.

मायलेकींची नजरानजर झाली. मावशीच्या चेहऱ्यावर हसू फुटत होतं. कपाळावर घाम, गालाला राख लागलेली. ठेंगूने एकदा मैत्रिणींकडे बघितलं. मग कोट मेजावर ठेवला आणि म्हणाली, "मावशी, एवढा कोट जरा लवकर कराल का? तुम्हाला जमेल ना?"

मावशी! तुम्ही! अहो, जन्मल्यापासून जी आईला "ए आई, तू" म्हणत आली तिच्या तोंडून हे आदराचे शब्द आले, आणि मला वाटलं, त्यापेक्षा तिने शिवी दिली असती तर परवडली असती. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर त्यात काहीच वावगं नव्हतं. सगळी गल्लीच म्हणायची.

तुम्हाला वाटेल, मावशीचा हात थिजला आणि माझ्याखालचा शर्ट जळाला. छे! तिने मला शांतपणे उचलून बाजूला ठेवलं. कोटाच्या बाह्या झटकल्या. आणि खाली बघत म्हणाली, "जमेल की, ताई. संध्याकाळी न्या."

मुली गेल्या. मावशीने तो कोट असा काही केला की तसा मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. निखाऱ्यांनी मी लाल झाले होते खरी, पण आतून माझं पाणी पाणी झालं होतं.

त्या संध्याकाळी खोलीत ठेंगू भिंतीला टेकून बसली होती. आई आता ओरडेल, मग ओरडेल, म्हणून वाट बघत होती. मावशीने ताट वाढलं. "जेव. उद्या घसा चांगला राहायला हवा. गार पाणी पिऊ नकोस." बस, एवढंच. ठेंगूने हातातला घास तसाच ताटात ठेवला. "आई, दुपारी मी..." असं ती म्हणाली, तर मावशी म्हणाली, "भाजीत मीठ कमी पडलंय का ग?" आणि विषयच संपला.

दोन दिवसांनी कोटाच्या मालकाचे शर्ट घेऊन ती मैत्रीण आली. आल्या आल्या सांगू लागली, "मावशी, परवा माझ्याबरोबर ती उंच मुलगी होती ना, ती काय सुंदर बोलली! बोलता बोलता रडायलाच लागली. सगळं सभागृह स्तब्ध! सर म्हणाले, साहित्य असं काळजाला भिडायला हवं."

"हो का?" मावशी म्हणाली. "हुशार दिसते मुलगी."

आपल्याच लेकीचं कौतुक तिने असं परक्यासारखं ऐकलं. तिने मूठ इतकी घट्ट आवळली, की माझा कोंबडा खडखडला.

ठेंगूला चैन पडत नव्हतं. एका सकाळी ती धीर करून दुकानात आली. दोन-चार गिऱ्हाइकं उभी होती, ती मैत्रीणही होती. ठेंगूने हाक मारली, "आई!" हाक स्वच्छ ऐकू आली. मला आली, मैत्रिणीला आली.

मावशीने मान वर केली नाही. "कोणाला हाक मारताय, ताई? कपडे झाले नाहीत अजून."

ठेंगू तशीच मागे फिरली. घरी आल्यावर मावशी तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "वेडी आहेस का? चारचौघींत कशाला? तुझं शिक्षण होऊ दे. तोवर दुकानात मी मावशी. त्यात काय माझं जातंय?" ती रागावली असती तर ठेंगू सुटली असती हो. पण तिने मुलीची सोय बघितली, आणि तीच सोय ठेंगूच्या मानेवर बसली.

"तोवर, तोवर" म्हणता म्हणता वर्षं गेली. दुकानात विजेची इस्त्री आली. हलकी, चटपटीत, वायरीची शेपटी असलेली. मला मेजाखालच्या गोणपाटात गुंडाळून ठेवलं. माझ्यावर हिरवट डाग चढले, कोंबड्यावर कोळ्याने जाळं विणलं. ठेंगू कॉलेजात प्राध्यापक झाली, तिने मोठं घर घेतलं आणि दुकान बंद करून आईला तिकडे नेलं. त्या दिवशी गोणपाट उघडून तिने मला छातीशी धरलं. लिंबू लावून घासलं. घासताना तिचे डोळे वाहत होते, आणि माझ्यावरचे डाग गेले तरी ती घासतच होती.

पण फळीवर बसून मी काय बघत होते? पाहुणे आले की मावशी मुकाट्याने उठून स्वयंपाकघरात जायची. कोणी तिला सांगितलं नव्हतं. सवयच लागली होती. "आई, बस ना इथे," असं ठेंगू हळू आवाजात म्हणायची. "नको ग, तुमचं इंग्रजी चालू द्या," असं म्हणून ती जायची. आणि पाहुण्यांनी माझ्याकडे बोट दाखवून "कुठे मिळाली ही?" असं विचारलं की ठेंगू म्हणायची, "जुनीच आहे, घरातली." घरातली! कोणाच्या घरातली? कोणाच्या हातातली? मला नुसता संताप यायचा.

एका रविवारी तिचे विद्यार्थी घरी शिकायला आले. तीच कादंबरी, तेच सरळ केलेल्या पानांचं पुस्तक, आणि तोच हातमोज्यांचा प्रसंग. मावशी नेहमीप्रमाणे आत. एक कुरळ्या केसांची मुलगी वैतागून म्हणाली, "मॅडम, मला हा मुलगा कळतच नाही. नंतर तो आयुष्यभर झुरतो. झुरण्यापेक्षा सरळ सगळ्यांसमोर म्हणायचं ना, हे माझे आजोबा. एवढं काय अवघड आहे?"

पुस्तकावर ठेंगूचा तळहात तसाच होता. मुलं एकमेकांकडे बघू लागली. मग ती उठली, फळीपाशी आली आणि तिने दोन्ही हातांनी मला उचललं. माझ्या आधाराने उभी असलेली पुस्तकं धडाधड कलंडली. मला टेबलावर सगळ्यांच्या मध्ये ठेवून ती म्हणाली, "ही माझ्या आईची इस्त्री आहे. हिच्यावर मी शिकले." आणि दाराकडे वळून तिने हाक मारली.

"आई!"

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

"ए आई! बाहेर ये ना ग!"

मावशी दारात आली. पदराला हात पुसत होती. तिने मुलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "काय हवंय, ता..." शब्द ओठांवर आला होता, मित्रांनो. इतक्या वर्षांची सवय. माझा जीव टांगणीला लागला.

मावशीने तो शब्द गिळला. आणि मोठ्याने म्हणाली, "काय झालं ग, ठेंगू? घसा का फोडतेयस?"

ठेंगू! एवढ्या उंच मॅडम, आणि ठेंगू! मुलं पोट धरधरून हसली. ठेंगूही हसली, रडली, पुन्हा हसली. मग तिने आपली स्वतःची खुर्ची ओढून आईपुढे ठेवली. मावशी टेकली. पुस्तकाचं एक पान बोटांनी सहज सपाट केलं आणि विचारलं, "हा तोच का हातमोजेवाला? त्या आजोबांना दिली का मग खुर्ची शेवटी?"

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सगळ्याच जुन्या वस्तू सांगतात. मीही सांगते, मला अधूनमधून पुसा, ओलाव्यात ठेवू नका. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. ज्यांनी तुमच्यासाठी हात भाजून घेतले, त्यांना चारचौघांत हाक मारा. घरात, दार लावून मारलेली हाक पुरत नाही. आणि उशीर झाला असेल, तरी मारा.

आता पाहुणे आले की मावशी बाहेरच्या खोलीत, माझ्यासमोरच्या खुर्चीत बसते. परवाच मावशीने मला फळीवरून...

नाही, चुकले. इतकी वर्षं मीही तेच म्हणत आले की! परवा आईने मला फळीवरून उतरवलं, कोंबड्याची कडी तेल लावून सैल केली आणि पुन्हा जागेवर ठेवलं.