नंदीनं आणलेलं झाड

गुणाबाई थापा मारायला बसली की खाडीची भरतीसुद्धा बांधाला टेकून ऐकत राहायची, असं पनवेलच्या खाडीकाठची माणसं सांगत. तिचा नवरा दयाराम मात्र गरीब गाय. मिठागरात फावडं ओढायचं, घरी यायचं, बायकोच्या थापा ऐकत भाकरी खायची. पण भाकरी अंगी लागत नव्हती. आतडी पिळवटायची, रक्त पडायचं, दिवसातून दहादा बांधामागं पळावं लागायचं. मिठागरातले गडी हसायचे. "दयाराम, तो बांध तुझ्या नावावर करून घे ना रं."

पनवेलच्या म्हाताऱ्या वैद्यांनी नाडी धरली आणि गुणाबाईला बाजूला घेतलं. "संग्रहणी आहे. आतड्यांना जखमा झाल्यात. बरा नाही होणार, पण कामावर उभा राहील एवढं करता येईल."

भांगेची सात पानं तुपात परतायची, त्यात जायफळ उगाळायचं, वाटाण्याएवढी गोळी करून ताकाबरोबर द्यायची. पानं बाजारात परवान्याच्या दुकानात मिळायची. महिनाभरात दयाराम तीन भाकऱ्या खायला लागला. बांधामागच्या फेऱ्या दोनावर आल्या. गड्यांना वाटलं, बरा झाला.

मग सरकारनं दारूबंदी आणली आणि दारूच्या जोडीनं भांगेच्या दुकानालाही कुलूप लागलं. शेवटच्या पुडीत गुणाबाईला चार बिया सापडल्या. त्या तिनं घरामागं शेवग्याच्या आडोशाला पेरल्या. दोन कोंबड्यांनी खाल्ल्या, दोन उगवल्या आणि एकमेकींत अशा गुंतल्या की एकच झाड वाटावं. दिवाळीपर्यंत ते तिच्या खांद्याला लागलं.

दयारामानं तिला बजावलं होतं. "गुणे, कुणाला सांगू नको. मी भांगेवर उभा हाय कळलं, तर मुकादम फावडं काढून घेईल. नि शिपाई झाड उपटून नेईल."

पण शेजारच्या चंद्रावतीला डोळे होते. एका सकाळी ती कुंपणावरून म्हणाली, "गुणाबाय, ह्या कसला झाड गो? भांगेसारखा दिसतंय."

खरं सांगायची सोय नव्हती आणि थाप तर गुणाबाईच्या ओठावर कायमच उभी असायची. "भांगच हाय. पण मी नाय लावली. खाडीत खेकडं पकडीत होते, तर पाण्यातून नंदी वर आला. दीपमाळेएवढा. वशिंडावर ह्या झाड. म्हणाला, गुणाबाय, पाठ खाजते गो, एवढा उतरून घे. नि जो कोन ह्याला हात लावील त्याला उचकी लागेल. सात पिढ्या थांबायची नाय."

"खेकडं मिळालं काय?" चंद्रावतीनं विचारलं.

"नंदीनं खाल्लं."

दुपारपर्यंत नंदी गावभर फिरून आला. झाडाजवळ पोर फिरकेना. शिपायाचं नाव कुणी काढीना. गुणाबाई रोज सात पानं खुडायची. शिवरात्र झाली की शेंडे वाळवायचे आणि बी धरायचं, असं तिनं मनात ठरवलं होतं.

शिवरात्रीच्या सकाळी भगवान गुरव परात घेऊन दारात आला. मागं ढोलकी आणि अर्धा गाव. "वयनी, यंदा दुकान बंद. म्हादेवाला भांग नाय. मग ध्यानात आला, त्यानं तर आधीच पाठवून दिली हाय."

गुणाबाई दारातच आडवी उभी राहिली. "उचकी लागेल, भाऊजी."

"देवाचा देवाला देताना कशाला लागंल? तुझ्याच नंदीचा माल."

तिनं वळून पाहिलं. दयाराम ओटीवर बसला होता. त्यानं डोळ्यांनीच 'नको' म्हटलं. सांगू नको. ती बाजूला झाली. लोकांनी हात जोडले, मग कोयता लावला. शेंडे, पानं, बिया, सगळं परातीत गेलं. बुडखेसुद्धा कुणी प्रसाद म्हणून उपटले. संध्याकाळी देवळात सगळ्यांनी पेलाभर घेतली. दयारामालाही मिळाली. "माझाच औषध, नि मलाच प्रसाद," तो तिच्या कानात म्हणाला आणि खुदकन हसला. ती नाही हसली.

डब्यातली सुकी पानं आठ दिवस पुरली. ती वैद्यांकडे गेली. ते म्हणाले, "माझ्याकडचीही सरकारनं नेली, बाई. डाळिंबाची साल उकळून दे." ती नेरे गावापर्यंत चालत गेली, डोंगराखालच्या बैराग्याला विचारलं. त्याच्याकडं राखेशिवाय काही नव्हतं. चैत्रात मीठ पांढरंशुभ्र धरलं. दयाराम पुन्हा बांधामागं पळू लागला. तीन भाकऱ्यांची एक झाली, एकीची अर्धी. एका दुपारी तो मिठातच बसला आणि त्याला उठता येईना. गड्यांनी झोळी करून घरी आणला. तेव्हा कुणी हसलं नाही.

वैशाखात मिठाच्या राशी पेंढ्यानं शाकारायला लागले, तेव्हा तो वळकटीएवढा उरला होता. "गुणे, त्या नंदीचा सांग."

"काय सांगू? निघालाय तो. उरणवरून निघालाय. पन वाटंत मिठागर लागला, चाटीत बसलाय."

"झाड हाय काय पाठीवर?"

"दोन हायत. एक तुमचा, एक म्हादेवाचा."

"थापाडी," तो म्हणाला. डोळे मिटूनच हसला. उन्हं कलायच्या आत गेला.

श्रावणात भगवान गुरव तिला बोलवायला आला. "वयनी, चल. नंदी परत येऊन गेला."

देवळामागं, जिथं त्यानं वाटलेल्या भांगेचा चोथा टाकला होता, तिथं गुडघाभर उंचीची पंधरा-वीस झाडं माजली होती. चंद्रावतीही होती, आणखी चारजणी होत्या. सगळ्या गुणाबाईच्या तोंडाकडं बघत थांबल्या.

"नंदी नव्हता," गुणाबाई म्हणाली. "औषध होता. आमच्या ह्यांच्या पोटाचा. मीच पेरलेला. तुमी न्हेलात, नि मी न्हेऊ दिला."

चंद्रावती हळूच म्हणाली, "नंदीचा बरा होता, गुणाबाय."

सगळे गेल्यावर ती तिथंच वाकली. घरी आली, चूल पेटवली, तूप तापत ठेवलं. जायफळ शोधायला हात फळीवर गेला, तेव्हा तिला मुठीत काहीतरी ओलं लागलं. मूठ उघडून पाहिली. सात पानं होती.

तुपाचा धूर व्हायला लागला, तरी ती ते खाली उतरवेना.