डाव्या हाताची पकड

मी मूठमीटर बोलतोय. आपली ओळख नसेल तर आधी हात मिळवा, आणि जरा जोरात दाबा. माझ्याशी बोलायची रीतच तशी आहे.

माझं छापील नाव भलतंच लांब आहे, ते कुणाच्या तोंडात बसत नाही. दिसायला मी साधा. पोलादाची एक मूठ, तिच्यावर घड्याळासारखी गोल तबकडी आणि तबकडीत एक काटा. कुणी मूठ आवळली की काटा चढतो आणि हातात किती जोर आहे ते किलोत दाखवतो. हातातल्या जोरावरून माणसाच्या तब्येतीचं बरंच काही कळतं म्हणे. म्हणून मोठमोठी शिकलेली माणसं मला जपून वापरतात.

कारखान्यात मला वजनं टांगून पारखलं, डब्यात मऊ गादीवर निजवलं, आणि तिथून मी एका संशोधन संस्थेत आलो. तिथल्या प्रमुख बाईंचा एक मोठा अभ्यास चालू होता. माणूस काय काम करतो, घरात किती माणसं, मिळकत केवढी, झोप लागते का, काळजी कसली वाटते, आणि या सगळ्याचा त्याच्या तब्येतीशी नि जगण्याशी काय संबंध, असा तो अभ्यास. घरोघरी जाऊन हे विचारायचं काम ताईंकडे होतं. ताई म्हणजे बारीक अंगाच्या, झपझप चालणाऱ्या. दार वाजवलं की दोन पावलं मागे सरकून उभ्या राहायच्या, म्हणजे आतल्या माणसाला त्या पूर्ण दिसाव्यात. मी त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत.

किती हात पाहिले मी! गवंड्याची मूठ म्हणजे सांडशी. निवृत्त शिक्षकांनी मला खडूसारखं दोन बोटांत धरलं. पुरुष मला पाहिलं की आधी बाह्या सरसावतात. बायका म्हणतात, "आमचं काय मोजायचं त्यात!" आणि मग नवऱ्यापेक्षा दोन किलो जास्त दाबून, काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं मला परत देतात.

प्रत्येक घरात ताई सुरुवातीला एक वाक्य म्हणायच्या. "तुम्ही जे सांगाल ते तुमच्या नावानिशी कुठेही जाणार नाही. मालकाकडे नाही, कचेरीत नाही, शेजारीही नाही." हे वाक्य ऐकलं की माणसं जरा सैल होऊन बसायची.

असंच ते बस ड्रायव्हरचं घर. दोन खोल्या, खिडकीजवळ शिवणयंत्र, त्यावर अर्धवट शिवलेले पडदे. वहिनी पडदे शिवून द्यायच्या. मुलगी कॉलेजात शिकत होती. ड्रायव्हरदादा नुकतेच ड्यूटीवरून येऊन, पाय धुऊन खुर्चीत बसले होते. अंगापिंडानं दणकट, आवाज खणखणीत.

आधी वहिनींनी मला दाबलं. काटा झोकात चढला. मुलगी म्हणाली, "बाबा, आता तुमची लाज राखा हं!"

दादांनी मला उजव्या हातात घेतलं. काय सांगू, मला क्षणभर दरदरून घाम फुटेल असं वाटलं. काटा तबकडीच्या पार पलीकडे. मुलीनं टाळी वाजवली.

"आता डावा," ताई म्हणाल्या.

दादांनी हात बदलला. आणि मला कळलं. अंगठा दाबत होता, त्याच्या शेजारचं बोट दाबत होतं, पण करंगळी आणि तिच्या बाजूचं बोट माझ्यावर नुसतं टेकलं होतं. त्यात जीवच नव्हता. काटा थोडा हलला आणि थांबला.

मुलगी हसली. "बाबा, नाटकं नकोत."

ताई हसल्या नाहीत. "पुन्हा एकदा करू या का, दादा?"

दुसऱ्या वेळी त्यांनी मला हळूच मांडीवर टेकवून वरून रेटायचा प्रयत्न केला. ताईंनी मला उचलून परत नीट धरायला दिलं. तिसऱ्या वेळी दादांच्या कपाळावर शीर उभी राहिली, काटा मात्र जागचा हलला नाही. वहिनी हातातली सुई तशीच धरून बघत होत्या.

"किती दिवसांपासून आहे असं?"

"कसलं काय. उशाखाली हात राहिला रात्री, मुंग्या आल्यात."

"गिअर डाव्या हातानंच टाकता ना तुम्ही?"

दादांनी मला टेबलावर ठेवलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "ताई, मघाशी तुम्हीच म्हणालात, हे कुठे जात नाही."

"नाही जात."

"मग झालं तर."

त्या दिवशी परतताना ताईंची चाल नेहमीसारखी नव्हती. पिशवीत मला ते नीट जाणवत होतं.

प्रमुख बाईंच्या खोलीत त्या बसल्यासुद्धा नाहीत. उभ्यानंच सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तू त्याला वचन दिलंयस. एकाचं मोडलंस तर त्या वस्तीतलं एकही दार पुन्हा आपल्याला उघडणार नाही."

"आणि त्याच्या बसमधली माणसं? त्यांना काय सांगू? वचन त्याला दिलं होतं, तुम्हाला नाही म्हणून?"

"अगं, म्हणूनच समिती असते. असल्या पेचात काय करायचं ते समिती ठरवते. पुढच्या महिन्यात बैठक आहे."

"बाई, समिती महिन्यानं बसते. बस रोज सुटते."

बाईंनी फोन पुढे ओढला. "मी आजपासून एकेका सदस्याला फोन लावते. मला दोन दिवस दे. तोवर तू त्यालाच गाठ. डॉक्टरकडे ने, हात जोड, काय वाट्टेल ते कर. पण आधी त्याच्याशी बोल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई त्या बसच्या थांब्यावर उभ्या राहिल्या. बस आली. चढून त्या ड्रायव्हरच्या मागच्याच आडव्या सीटवर बसल्या, पिशवी मांडीवर. दादांनी आरशात पाहिलं. त्यांनी ओळखलं, पण ओळख दाखवली नाही.

त्या मार्गावर चढण फार. शाळा, दवाखाना, बाजार, सगळं टेकडीच्या अंगावर. पिशवीच्या तोंडातून मला दादांचा डावा हात दिसत होता. दर वेळी गिअर टाकताना ते तळहातानं दांडा ढकलायचे, मग कोपर वळवून मनगटानं तो बसवायचे. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, काय रुबाबात चालवतोय! मला ठाऊक होतं की त्या हातानं दांडा एकदाही पकडलेला नाही. ताईंनी समोरची दांडी इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती.

दवाखान्याचा थांबा ऐन चढावर होता. बस थांबली. माणसं उतरली, त्याहून जास्त चढली. मागच्या दाराशी कंडक्टर गर्दीत अडकून ओरडत होता, "अहो सरका, मला उतरू द्या! आधी मला उतरू द्या!" कंडक्टरला मध्येच उतरायची एवढी घाई कसली, म्हणून लोक त्याच्याकडे बघत राहिले. तेवढ्यात कुणीतरी त्याच्या डोक्यावरची दोरी ओढली. डबल बेल.

दादांनी पहिला गिअर टाकला. म्हणजे टाकला असं त्यांना वाटलं. दांडा पुरता बसलाच नव्हता. ब्रेकवरचा पाय उचलला मात्र, गिअर निसटला आणि भरलेली बस मागे सरकू लागली.

बायका किंचाळल्या. मागून एक किंकाळी वेगळीच आली, रस्त्यावरून. दादांनी दोन्ही पाय ब्रेकवर दिले. बस असा हिसका देऊन थांबली की मी पिशवीतून निम्मा बाहेर आलो. कंडक्टर तोवर लोकांच्या अंगावरून उडी मारून खाली पोचला होता. त्याच्या हातात लाकडाचा ठोकळा होता. तो त्यानं मागच्या चाकाखाली सारला.

मागे एक बाई सायकल धरून उभी होती. बस आणि तिचं पुढचं चाक यांच्यात वीतभर जागा उरली होती. तिनं तोंडाला येईल ते सुनावलं. दादांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली. ताई जागच्या उठल्या नाहीत. कंडक्टर ठोकळा पिशवीत कोंबत आला आणि त्यांना पाहून थबकला.

"बाई, उतरा. शेवटचा स्टॉप."

"हा ठोकळा तुम्ही रोज आणता?"

कंडक्टरनं दादांकडे पाहिलं. मग त्याचा बांध फुटला. "आणतो! घरचा ठोकळा आहे. दर चढावर उतरून लावतो. काय करू मग? साहेबाला सांगू? उद्या ह्याला घरी बसवतील. बिनपगारी. ह्याच्या पोरीची फी तुम्ही भरणार?"

"दादा, डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवलं की कागदावर येतं," दादा म्हणाले. "कागदावर आलं की डेपोत पोचतं."

ताईंनी मला बाहेर काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. "एकदा दाबा. मला नको, तुम्हीच बघा."

त्यांनी मला डाव्या हातात घेतलं. पण आज बोटं कालच्याहूनही थकलेली होती. मी निसटलो आणि पायरीच्या लोखंडावर आपटलो. तबकडीची काच तडकली. कुणी मला लगेच उचललं नाही. तिघंही माझ्याकडे नुसती बघत होती.

परतीच्या फेरीचे प्रवासी दाराशी जमायला लागले होते. गणवेशातल्या पाच-सहा मुली, एक म्हातारे गृहस्थ, भाजीची टोपली घेतलेली एक बाई.

ताई म्हणाल्या, "दादा, मी दिलेला शब्द मोडणार नाही. कुणाला काही सांगणार नाही. मला फक्त एक सांगा, आता ह्या फेरीला मी बसू का उतरू? तुमची मुलगी इथे असती तर तिला काय सांगितलं असतंत?"

कंडक्टर तडकला. "हे बरोबर नाही हां, बाई! पोरीला मध्ये आणू नका!"

दादा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसले. बाहेरून म्हातारबुवांनी दार ठोठावलं. "काय हो, जायचंय का मुक्काम करताय?" मुली हसल्या.

मग दादा उठले. किल्ली काढली आणि कंडक्टरच्या तळहातावर ठेवली.

"डेपोला फोन लाव. सांग, ड्रायव्हरची तब्येत बिघडलीय, दुसरा माणूस पाठवा."

"वेडा झालास का रे? आजचा दिवस काढ, मग बघू!"

"लाव फोन."

प्रवाशांनी जो गिल्ला केला म्हणता! "हे रोजचंच झालंय." "फुकटचा पगार खातात." म्हातारबुवा तर तक्रार करतो म्हणाले. दादा खाली उतरून फुटपाथच्या कडेला बसले होते. तिथून त्यांना एकेक शब्द ऐकू येत होता.

पुढचं मी ताईंच्या तोंडून ऐकलं. त्या स्वतः दादांना घेऊन डॉक्टरकडे गेल्या. मानेत नस दबली होती. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, अजून उशीर झाला असता तर हात कायमचा गेला असता. ऑपरेशन झालं. पण डेपोनं आठ महिने घरी बसवलं, बिनपगारी, कंडक्टर म्हणाला होता अगदी तसंच. मग डिझेल भरायच्या पंपावर बसवलं, कमी पैशात. प्रमुख बाईंनी डेपोच्या साहेबांना जाऊन विनवलं की कुठल्याच ड्रायव्हरचं नाव न घेता सगळ्यांचेच हात तपासा, आणि ज्याचा हात कमजोर निघेल त्याला त्याच पगारावर दुसरं काम द्या. साहेबांनी चहा पाजला. तपासणी लगेच सुरू झाली. पगाराचं अजून विचाराधीन आहे.

वर्षानं आम्ही त्याच घरांत पुन्हा फिरलो. अभ्यासाची दुसरी फेरी होती. त्या दारापाशी ताई दोन पावलं मागे सरकून उभ्या होत्या. वहिनींनी दार उघडलं आणि उंबऱ्यातच हात आडवा धरला.

"या. तेवढंच राहिलं होतं."

"वहिनी, मी..."

"मागच्या वेळी तुम्ही मला विचारलं होतंत, आयुष्यात समाधानी आहात का, एक ते दहात सांगा. मी आठ म्हणाले होते. आठ! आता विचारा. पोरीनं कॉलेज सोडून दुकानात नोकरी धरलीय, मी डोळे फुटेस्तोवर शिवतेय. विचारा की!"

ताईंचे डोळे भरले होते, पण त्या तिथून हलल्या नाहीत. शब्द मोडला नव्हता, तरी वहिनींचा संताप त्यांनी नाकारला नाही.

आतून दादांचा आवाज आला. "येऊ दे त्यांना."

दादा वाळले होते. अंगाला डिझेलचा वास येत होता. त्यांनी न मागता हात पुढे केला, डावाच. चारही बोटांनी मला धरलं. जोर फार नव्हता, पण करंगळी दाबत होती, हे मी छातीठोक सांगतो.

ताईंनी आकडा लिहून घेतला आणि पुढचा प्रश्न विचारला. "झोप कशी लागते?"

"लागते," दादा म्हणाले. "आता लागते. हात लपवून बस चालवली, ते दीड वर्ष नव्हती लागत. डोळा लागला की बस मागं जाताना दिसायची. रोज."

वहिनी वळून त्यांच्याकडे पाहत राहिल्या. "कधी बोलला नाहीत."

"काय बोलणार?"

वहिनी शिवणयंत्रापाशी गेल्या, पण शिवायला बसल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, "ताई, बसा. माझं राहिलंय ना अजून मोजायचं." आणि मला उचलून त्यांनी अशी मूठ आवळली, की त्यात जोर किती आणि राग किती हे माझ्या काट्यालाही वेगळं काढता आलं नाही.

आता तो अभ्यास संपलाय. त्याचा जाडजूड अहवाल निघाला. त्यात दादा एका सरासरीच्या पोटात कुठेतरी आहेत, शोधून सापडायचे नाहीत. संस्थेत माझ्या जागी नवी, दिव्यांवर आकडे दाखवणारी यंत्रं आलीत. मी कपाटाच्या वरच्या फळीवर असतो. नवी पोरं कधीमधी मला खाली काढतात, गंमत म्हणून दाबतात, आणि काटा कुणाचा जास्त चढतो यावर पैज लावतात. बरं वाटतं. तरुण हात आहेत.

त्यांना आणि तुम्हालाही एक सांगायचंय. कुणी घरी येऊन तब्येतीचं विचारलं तर खरं सांगा, मांडीवर टेकवून रेटू नका. आणि विचारणाऱ्यांनो, तुम्ही मोठे लोक आहात, माझी तुमच्याकडे एवढीच मागणी आहे. माणसानं खरं सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी चूल कशी पेटेल, ते आधी ठरवा. मग खुशाल त्याच्या हातात मला द्या.