झेंडूच्या पुड्यांवरचे शब्द

मी एक जुनी वही आहे, भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या पानांची. व्हिएतनाममधल्या सा देक गावाजवळच्या एका फुलमळ्यात लुआ नावाची मुलगी रोज सकाळी कालची तारीख फाडायची आणि कोऱ्या पाठीचं ते पान जपून ठेवायची. वर्ष संपल्यावर तिच्या आईने दाभणाने मला शिवलं. टेटच्या सणाला नव्या वर्षाचं पहिलं अक्षर शुभ हवं, म्हणून लुआने अंघोळ करून माझ्यात पहिला शब्द लिहिला. मग रोज एक अवघड इंग्रजी शब्द आणि शेजारी त्याचा व्हिएतनामी अर्थ. मित्रांनो, मी चांगलीच फुगले होते, अंगाने आणि मनानेही.

दोन वर्षांपूर्वी ऐन सणाच्या तोंडावर त्यांचा झेंडू कुजला होता. का, ते कुणालाच सांगता आलं नाही. तेव्हापासून लुआला परदेशी जाऊन झाडांचे रोग शिकायचे होते. त्यासाठी शिष्यवृत्ती हवी, म्हणजे इंग्रजीत आधी पत्र आणि नंतर मुलाखत.

पत्राच्या पहिल्याच ओळीला ती अडली. आमच्याकडे समोरच्याचं वय आणि मान पाहून हाक ठरते.

"आई, निवड करणाऱ्या बाई तुझ्याहून मोठ्या असतील. त्यांनाही नुसतं 'यू' म्हणायचं?"

"अगंबाई! म्हणजे शेजारच्या पोराला यू आणि बाईंनाही यू?" आई म्हणाली. "मग बाकीचं तरी भारदस्त लिही."

लुआला पटलं. आमच्या भाषेत मान द्यायचा तर जुने, वजनदार शब्द काढतात. तिने माझ्यातले सगळ्यात जड शब्द वेचून पत्रात भरले. तिच्या शिक्षिका थोआबाई वाचता वाचता हसल्या, मग गंभीर झाल्या.

"लुआ, हे पत्र आहे की देवळाची कमान? तुझा झेंडू कुजला ना? मग तो कुठाय यात? इतका मान दिलास, की तूच दिसेनाशी झालीस. पत्र पाठवायला अजून आठ दिवस आहेत. पुन्हा लिही."

"एवढं पाठ केलं, सगळं पाण्यात!" म्हणत लुआने मला अवजारांच्या खोलीत भिरकावलं. मला फार वाईट वाटलं. तिने जे मागितलं तेच तर मी दिलं होतं! आईला वाटलं वही रद्दीत गेली. तिने माझी अकरा पानं फाडली आणि झेंडूच्या बियांच्या पुड्या बांधल्या. दुखलं मला, खोटं कशाला सांगू?

तिसऱ्या दिवशी लुआ सुतळी घ्यायला आली आणि एका पुडीवर तिची नजर गेली. तिथे तिच्याच अक्षरात 'सॅच्युरेटेड' लिहिलं होतं, शेजारी कोरडा अर्थ, संपृक्त.

"आई, ही पुडी कुठल्या वाफ्याची?"

"खालच्या. झेंडू कुजला त्या वर्षी तिथे पाणी तुंबलं होतं बघ. मातीचं पोट इतकं भरलं, की वर ओतलेलं तांब्याभर पाणीही तसंच उभं राहायचं."

लुआने पुडीवरचा शब्द पुन्हा वाचला. आठ महिने पाठ केलेला शब्द तिला आत्ता कळला होता. ती दुपारभर आईच्या मागे मळ्यात फिरली, मला हातात घेऊन. हळूहळू खंगण्याचा शब्द कालव्याकाठच्या रोपांना मिळाला. बारकाईने काम करण्याचा शब्द आईच्या कळ्या खुडणाऱ्या बोटांना मिळाला. ज्यांना जागा सापडली नाही, त्यांना तिने पत्रात घेतलंच नाही. नवं पत्र अर्ध्याहून लहान झालं.

मुलाखतीचं बोलावणं आलं. फुलं का कुजली, असं निवड करणाऱ्या बाईंनी विचारलं तेव्हा लुआने खालचा वाफा सांगितला, तुंबलेलं पाणी सांगितलं आणि योग्य जागी तो शब्द वापरला. बाईंनी पेन खाली ठेवून पुढचा प्रश्न विचारला. लुआची निवड झाली.

जाताना तिने मला नेलं नाही. आता मी दिनदर्शिकेखालच्या खिळ्याला लटकते, अकरा पानांनी हलकी. मित्रांनो, माझ्यासारख्या वह्या जरूर भरा, पण शब्द आत कोंडून ठेवू नका. त्यांना मळ्यात न्या, माणसांत न्या. नाहीतर आम्ही नुसत्याच जाड होतो.

लुआ गेल्यापासून आईही कालची पानं जपून ठेवते. यंदा तिने त्यांची नवी वही शिवली. टेटच्या सकाळी अंघोळ करून, इंग्रजी न येणाऱ्या त्या बाईने पहिल्या पानावर सावकाश तीन इंग्रजी अक्षरं काढली, 'यू'. आणि शेजारी अर्थ लिहिला, "लांब गेलेल्या लेकीला म्हणायचं."