नाथाजीचा शेमला

केरबाला क्रिकेटातलं ओ की ठो कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पण नाथाजीवर त्याचा असा काही जीव होता, की नाथाजी खेळणार असं नुसतं कानावर आलं तरी गडी हातातलं काम टाकून शिराळ्याला यायचा आणि सांगलीची एस.टी. धरायचा. बायको, बनुबाई, करवादायची, "आवं, तुमाला त्यातलं कळतंय तरी काय?"

"कळायचं काय त्यात? गडी पडतोय का हुबा ऱ्हातोय, एवढंच तर बघायचं असतंय!"

केरबा जुना पैलवान. त्यानं सगळं क्रिकेट उचलून आपल्या तालमीत आणून ठेवलं होतं. बाद झाला तो चितपट, अंपायर म्हणजे पंच, आणि सामना अनिर्णित राहिला की कुस्ती बरोबरीत सुटली. कधी काळी सांगलीच्या बाजारात गूळ घालून परतताना तो मैदानाच्या कडेला सहज थांबला होता. तेवढ्यात नाथाजीच्या जबड्यावर चेंडू बसला. भळाभळा रक्त आलं. नाथाजीनं बाहीनं तोंड पुसलं, बाजूला थुंकला आणि पुन्हा बॅट धरून उभा राहिला. केरबानं शेजारच्या अनोळखी माणसाच्या पाठीत अशी थाप मारली, की तो बिचारा दोन पावलं पुढं गेला. "ह्यो पैलवान हाय रं!" झालं, त्या दिवसापासून केरबा नाथाजीचा झाला.

हा नाथाजी कोणी मोठा नावाजलेला खेळाडू नव्हे हो. हळदीच्या अडतीत काम करायचा आणि रविवारी सांगलीच्या संघातून खेळायचा. त्याच्या पांढऱ्या पँटवर कुठं ना कुठं हळदीचा डाग असायचाच. पण केरबाला दुसरं कुणी दिसतच नव्हतं. भारताच्या संघानं विलायतेत जाऊन इंग्रजांना हरवलं, तेव्हा सगळं गाव रेडिओभोवती नाचलं. केरबा मात्र तोंड वाकडं करून म्हणाला, "आमचा नाथाजी न्हवता त्यात."

आणि आता नाथाजीच्या गुडघ्यांनी दगा दिला. सातारकरांबरोबरचा सामना खेळायचा आणि बॅट खुंटीला लावायची, असं त्यानं जाहीर करून टाकलं.

पण केरबाची एक इच्छा अजून राहिली होती. नाथाजीच्या डोक्याला स्वतःच्या हातानं फेटा बांधायची. फेटा बांधण्यात केरबाचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय नवरदेव घोड्यावर बसत नसे. मागं गुडघ्यापर्यंत लोंबणारा शेमला सोडावा तो केरबानंच. पण कुस्तीच्या फडातली रीत अशी, की फेटा बांधायचा तो जिंकलेल्या गड्याला, तोही फडात उभा असताना, अंगाची माती झाडायच्या आत. पडलेल्याला फेटा नाही. आणि केरबा पिशवीत फेटा घेऊन गेला, की नाथाजी नेमका लवकर बाद व्हायचा. फेटा आपला तसाच घरी परत.

यात आणखी एक गोष्ट होती, जी केरबानं बनुबाईलाही कधी सांगितली नव्हती. कवठे महांकाळच्या मैदानात तो शेवटची कुस्ती हरला, तेव्हा त्याच्यासाठी आणलेला फेटा कुणीतरी पुन्हा घडी घालून पिशवीत कोंबताना त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. तो तसाच बोडक्या डोक्यानं गावी आला. नाथाजीवर ती पाळी येऊ द्यायची नाही, एवढं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

"शेवटची कुस्ती हाय. या वक्ताला वाट बघायची न्हाई," तो बनुबाईला म्हणाला. "पैला डाव टाकला, की शिरायचं आत."

सामन्याच्या दिवशी सातारकरांनी आधी खेळून बऱ्यापैकी धावा केल्या. दुपारी नाथाजी लंगडत मैदानात उतरला. केरबा दोरीच्या कडेला पिशवी छातीशी धरून उभा. नाथाजीनं दोन-चार चेंडू नुसते अडवले, आणि मग असा एक फटका मारला, की चेंडू सरपटत सीमेपार. लोकांनी टाळ्या पिटल्या. टाळ्या थांबतात न थांबतात तोच केरबा दोरी ओलांडून, धोतराचा सोगा वर खोचत, मैदानाच्या मधोमध पोचला होता.

अंपायर होते दादासो मास्तर, शाळेतले कडक गृहस्थ. ते धावतच आले. "अहो, हे काय? सामना चालू आहे!"

"चालू हाय म्हणूनच आलोय, पंच! उरकल्यावर कोण बांधतंय?"

नाथाजी हसायला लागला. इतकी वर्षं कडेला उभा राहून "पैलवान, सोडू नगा!" असं ओरडणारा हा माणूस त्याला चांगला ठाऊक होता. त्यानं टोपी काढली, बॅट दोन पायांत धरली आणि मान पुढं केली.

"हालू नगा. फेटा बांधताना हालायचं नसतंय," केरबा म्हणाला.

सातारचा कप्तान कुरकुरला. पण गडी टोपी घालून खेळतो तसा फेटा घालून खेळू नये, असं मास्तरांनी पाठ केलेल्या नियमांत कुठं लिहिलेलं नव्हतं. गुलाबी, जरीकाठी फेटा नाथाजीच्या डोक्यावर चढला, तुरा ताठ उभा राहिला आणि शेमला पाठीवरून थेट गुडघ्यापर्यंत आला. लोकांनी शिट्ट्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. केरबा परत कडेला आला तेव्हा त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते.

आणि नाथाजी काय खेळला म्हणता! गुडघे विसरला, वय विसरला. ज्याला त्याला झोडपत सुटला. बघता बघता सांगली विजयाच्या तोंडाशी आली. आता एक फटका बसला की संपलं.

सातारच्या गोलंदाजानं चिडून चेंडू आखूड आपटला. तो छातीवर आला. नाथाजी एक पाऊल मागं सरकला, गर्रकन फिरला आणि सगळा जीव एकवटून बॅट घुमवली. चेंडू थेट दोरीबाहेरच्या बाभळीत. केरबानं उडीच मारली. "मारलं मैदान!"

पण मास्तरांचं बोट वर होतं.

नाथाजी फिरला तसा शेमलाही फिरला होता. जाता जाता त्यानं स्टंपांवरच्या दोन्ही बेल्स उडवून दिल्या होत्या. अंगावरच्या कपड्यानं का होईना, खेळणाऱ्यानंच स्वतःचे स्टंप मोडले. बाद! त्या फटक्याच्या धावा काही धरायच्या नाहीत.

पुढच्या गड्यानं कशीबशी बॅट लावून उरलेल्या धावा काढल्या आणि सांगली जिंकली. पण केरबाला त्याचं काय? त्याचा पैलवान पडला होता, आणि पाडला कुणी? केरबानंच सोडलेल्या शेमल्यानं. वीतभर आखूड सोडला असता तर काय बिघडलं असतं? तो खेळाडूंच्या मांडवामागं जाऊन गुडघ्यांत डोकं घालून बसला. रडू आवरेना.

थोड्या वेळानं नाथाजी लंगडत तिथं आला. डोक्यावर फेटा तसाच.

"सोडा त्यो," केरबा वर न बघताच म्हणाला. "पडल्याल्या गड्याच्या डोस्क्यावर फेटा ऱ्हात न्हाई. आमच्यात रीत हाय तशी."

"कुणी सांगितली ही रीत?"

"सांगायला कशाला पायजे? माझ्यासाठी आणल्याला बी घडी घालून परत न्हेला हुता की!" केरबाच्या तोंडून निघून गेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

नाथाजीनं हात वर करून फेटा सोडायला घेतला. केरबानं तोंड फिरवलं. आपणच सोडायला सांगितला होता, तरी बघवेना.

पण नाथाजीनं फेट्याचं टोक केरबाच्याच डोक्याला लावलं आणि गुंडाळायला सुरुवात केली.

"आवं, आवं, काय करताय ह्ये?"

"हालू नका. फेटा बांधताना हालायचं नसतंय, तुमीच म्हणालासा," नाथाजी म्हणाला. "मी शून्यावर पडलो तवा बी तुमी कडंला हुता. दुसरं कोण थांबलं हुतं? रीत गेली खड्ड्यात."

नाथाजीला बॅट धरता येत होती, फेटा बांधता येत नव्हता. एक पेच कानावर आला, दुसरा डोळ्यावर, तुरा भलतीकडंच उगवला आणि शेमला तर सापडलाच नाही. केरबा हललाही नाही.

दिवेलागणीला तो घरी पोचला. बनुबाई दारातच होती. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

"ह्यो कुणी बांधला? म्हशीनं?"

"नाथाजीनं."

"आन् तुमी असंच आला? एवढ्या लोकांच्या एस.टी.तनं? या हिकडं, नीट करते जरा." तिनं हात पुढं केला.

"हात लावू नगं!" केरबा ओरडला, आणि मग ओशाळून हळूच म्हणाला, "ऱ्हाऊ दे. बराय असाच."

ज्या माणसाला दुसऱ्याच्या फेट्याची एक घडी वाकडी खपत नव्हती, तो माणूस त्या दिवशी फेटा डोळ्यावरून मागं सारत सारत भाकरी जेवला. सकाळी उसाला पाणी द्यायला गेला, तोही तसाच.